कॉफीआधीचा अर्धा तास

सहाला गोळी. रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर.
मग अर्धा तास कॉफीला शिवायचं नाही,
असं डॉक्टर टाम्बेर्गबाईंनी तीनदा बजावलं,
जणू कॉफीवाचून माझं अडतं
हे हीउमा बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे.
आहेच.

तो अर्धा तास मी विटांच्या शेगडीशी बसते.
भिंतीच्या चुन्यावर मळकट डाग आहे, पाठीएवढा.
आईची जागा.
आल्विने. मासळीच्या कारखान्यात
तिच्याइतक्या झपाट्यानं डबे कुणी भरत नसे.
चाळिशीनंतर ती जूनमध्येही
लोकरीचे मोजे चढवून इथं टेकलेली.
बाबा म्हणायचे, अंग चोरते.
शेजारीण म्हणायची, खचलीय बिचारी.
दवाखान्यातून झोपेचे थेंब यायचे, तपकिरी बाटलीत.
गळ्याला बोट लावून कुणी पाहिलं नाही.
तीही स्कार्फ सोडत नसे.

माझ्या गळ्यात कुंपणानंच शेत खायला घेतलंय.
राखणीला ठेवलेले आतलेच,
वर्षानुवर्षं, आवाज न करता.
रिपोर्टवर त्याचा आकडा आला: सहाशे चाळीस.
इतकी थकले होते की
आकडा बघून बरंच वाटलं.

उर्वे माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी.
तिचं रक्त निर्मळ, गळा निर्मळ.
पण एकतिसाव्या वर्षी
टार्टूच्या खोलीत नऊ आठवडे
तिनं पडदा सरकवला नाही.
मी फोनवर म्हटलं होतं, जरा बाहेर फिरून ये.
बाबांचाच आवाज तो,
फक्त बाईच्या गळ्यातून.

जनुकपेढीत रक्त दोघींनी दिलंय.
टाम्बेर्गबाईंनी चिठ्ठीमागे दोन वर्तुळं काढली,
एक गळ्याचं, एक मनाचं,
आणि जिथं ती एकमेकांवर चढली होती
तेवढा तुकडा पेन्सिलीनं काळा केला.
काही जनुकं दोन्हीकडे राबत असावीत, म्हणाल्या.
कारण म्हणू नका. कल म्हणा.
आणि आईचं?
आईचं रक्त कुठे आहे आपल्याकडे.

तो कागद फ्रिजवर आहे.
पेन्सिल आता पुसट झालीय, मळकट.

सहा-दहाला उर्वेचा फोन येतो.
तिचीही गोळी याच वेळची, वेगळ्या डबीतली;
तिला कॉफी चालते.
मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम भुरके मारते.
आम्ही आईबद्दल बोलत नाही,
मोज्यांबद्दल बोलतो,
ते पांढऱ्या चांदण्यांचे होते की हिऱ्यांचे,
आणि यावर अजून एकमत नाही.

मे महिन्यात ती लेकीला घेऊन आली.
मिर्तेल, सोळाची, बोटांना निळा रंग लागलेला,
स्वयंपाकघरात आली, म्हणाली, गारठले मी,
आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.
नेमकी तिथंच.

उर्वेनं तिच्या गळ्याकडे पाहिलं.
मी तिच्या डोळ्यांकडे.
मग आम्ही एकमेकींकडे, आणि पटकन दुसरीकडे.

आईला कुणीच न विचारलेलं
मी तिला विचारलं:
किती दिवसांपासून?

आत्ताच गं, मावशी, ती म्हणाली,
खिडकी लाव ना.