साताच्या पोटातला छेद

रूबेनमामा म्हणायचा, अमेरिकन आहे, चौसष्टची.
मामा गेला, गिटार माझ्याकडे आली.
एक तार कमी, पेटीला डांबरगोळ्यांचा वास.

तपकीर गल्लीत पोकळ्यांनी ती काउंटरवर पालथी घातली,
चष्म्यावर भिंग चढवलं.
"पिकअप जपानी. व्हॉल्यूमचा पॉट कुठल्यातरी रेडिओचा.
दोन फळ्या सरसानं जोडल्यात."
रंग नखानं खरवडून हुंगला.
"साग. अमेरिकेत कुठला साग, ताई?"
मामाची बाजू घ्यावीशी वाटली. घेतली नाही.

चार स्क्रू काढले, मान सुटली.
खाचेत, जिथं उजेड कधी शिरलाच नव्हता,
पेन्सिलीचे इंग्रजी आकडे: एकोणीस, अकरा, बहात्तर.
साताच्या पोटात आडवा छेद.

खडकीच्या कारखान्यात, पॅटर्न शॉपमध्ये,
आजोबा साताला असाच छेद द्यायचे,
कुणी एक वाचू नये म्हणून.
"ते डबडं बंद कर" ओरडणारे आजोबा.
जेवताना मामाशी एक शब्द न बोलणारे.

मामाला ठाऊक असणारच.
तरी म्हणायचा, अमेरिकन.

पोकळे म्हणाले, विकलीत तर फार नाही मिळणार.
वाजेल मात्र. पॉट कुरकुरतोय,
तेवढा बदलू?

कुरकुरू दे, म्हटलं.