मानवत नाही

पहिली गोळी विटकरी रंगाची, मेंढीच्या लेंडीएवढी.
अगदी गरीब औषध आहे, डॉक्टर म्हणाले,
हिच्यानं कुणाला काही होत नाही.
दहाव्या दिवशी ताप भरला.
आणि रक्त, चमचाभर होतं ते वाटीभर.
आजार वाढलाय, ते म्हणाले, डोस वाढवू.
वाढवला.

रान्वाच्या लक्षात आलं ते तीन आठवड्यांनी.
रान्वा, तॉर्सहाव्नच्या इस्पितळातली नर्स,
तिचा भाऊ माझ्याबरोबर ट्रॉलरवर होता.
त्रोंदुर, म्हणाली, दोन दिवस गोळी बंद करून बघ.
दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला.
माझ्या कागदावर तिनं लाल पेनानं लिहिलं:
मानवत नाही.

कागद लांबत गेला.
दुसऱ्या गोळीनं स्वादुपिंड सुजलं,
चार दिवस पाण्याचा घोटही नाही,
खिडकीतून नुसतं बंदर.

स्टेरॉइड मात्र मानवलं. फारच मानवलं.
रक्त थांबलं, भूक अशी खवळली
की हिवाळ्यासाठी वाऱ्यावर टांगलेली तंगडी
मी सुरीनं उभ्या उभ्या अर्धी संपवली.
चेहरा फुगून असा गोल झाला
की पोस्टातल्या मुलीनं माझ्याकडे ओळखपत्र मागितलं.
जूनमध्ये आमच्या बेटावर रात्र होत नाही,
मला झोप येत नव्हती,
दोघांचं छान जमलं.
पहाटे तीन वाजता नावघराला डांबर फासलं,
उरलं म्हणून शेजारच्या आय्विंदुरच्या नावघरालाही.
तो काही बोलला नाही.
संध्याकाळी ब्रश धुऊन माझ्या दाराशी ठेवून गेला.

त्याच आठवड्यात चमच्यांवरून सुन्नवावर ओरडलो.
हा तू नाहीस, ती म्हणाली, हे औषध आहे.
मग मी कुठाय, विचारलं.
ती अजून उत्तर शोधतेय, बहुधा.

मग शिरेतून देतात ते.
दोनदा सुरळीत झालं.
बोटीत शौचालयाशेजारची खुर्ची
खलाशी न सांगता माझ्यासाठी रिकामी ठेवायला लागले होते.
तिसऱ्यांदा, बाटली अर्धी झाली असताना
घसा आवळला, अंगभर गांधी उठल्या,
रान्वानं धावत येऊन नळी बंद केली.
कुणीतरी माझा हात घट्ट धरला होता.
माझाच दुसरा हात होता तो, नंतर कळलं.

आई गेल्या वर्षी गेली.
माणसानं पोटात घ्यावं, म्हणायची,
लोकांचं बोलणं, भावाचं कर्ज, समुद्राची लहर.
घेतोय गं.
पोटच घेत नाही.

सगळ्यांना चालतं ते तुलाच कसं चालत नाही,
असं तोंडावर कुणी विचारत नाही.
चर्चमधून बाहेर पडताना फक्त बघतात,
जणू पाहुणा म्हणून जेवायला बसलो
आणि ताटात टाकून उठलो.

मी जाळी सांधतो. तीस वर्षं.
जुन्या जाळ्याला नवा गुळगुळीत दोरा लावला
तर गाठ सरकते.
दोरा वाईट नसतो, जाळंही नसतं.
हे मी शिकाऊ पोरांना कितीदा सांगितलंय,
शांतपणे, शिव्या न देता.
स्वतःला सांगायला बसलो
तर आवाज चढतो.

नवं इंजेक्शन फ्रिजमध्ये आहे,
लोणी आणि रुबार्बच्या मुरंब्याच्या मधे.
रोज दार उघडतो, लोणी काढतो, दार लावतो.
कागदावर रान्वानं त्याचं नाव लिहिलंय,
पुढची जागा कोरी.
घ्यायचं तर उद्या, सुन्नवा म्हणते.
मी बाहेर बघतो. समोरचं बेट दिसत नाही.
धुक्यात हेलिकॉप्टर येत नाही.
मग सोमवारी, ती म्हणते,
आणि केटली ठेवते.