दुसरी बाजू

कुशिरोत दुपारपासून धुकं.
आई म्हणाली, उतरव ते माळ्यावरून.
उतरवला. सोळा किलोंचा लेझरडिस्क प्लेअर,
पाठीवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी:
पिवळी म्हणजे चित्र. ओढू नये.

नव्या ॲम्प्लिफायरची सगळी भोकं चपटी.
पिवळ्या गोल टोकाला
दारात कोणी उभं करेना.
मग ओगासावारांच्या दुकानातून
काडेपेटीएवढा एक मध्यस्थ आणला,
अठराशे येनचा,
आणि सोयरीक कशीबशी जमली.

ताटाएवढी तबकडी. खटका. घरघर,
जातं फिरावं तशी.
भिंतभर पडद्याच्या मधोमध
एक चौकोनी खिडकी, बाकी काळं.
खिडकीतून वाफेचं इंजिन आलं बर्फ फोडत,
जरा पिवळट, कडांना विरलेलं.
सात स्पीकरांपैकी दोनच बोलले.
मी सेटिंगमध्ये शिरलो, मागच्यांना उठवायला.
"राहू दे," आई म्हणाली,
"मागे कोण बसलंय?"

गाडी पुलावर आली
आणि पडदा निळा.
मी वायरी चाचपल्या, मध्यस्थ हलवून पाहिला,
ओगासावारांना मनातल्या मनात चार शब्द ऐकवले.
तोवर आई उठली होती, गुडघ्यावर हात देऊन.
फक्त कडेला बोटं लावून तिने तबकडी काढली,
उलटली,
आत सारायची थांबली.

"एक बाजू संपली की
ते चहाचं पाणी ठेवायचे.
तेवढा वेळ गाडी पुलावरच असायची."

मी उठलो.
किटली सापडायला वेळ लागला.