प्रकाश डावीकडून

फलकावर प्रकाश नेहमी डावीकडून, वरून पडतो.
हा नियम कुणी केला, डाबरेबाईंना माहीत नव्हतं,
त्यांना शिकवणाऱ्यांनाही नसावं.
पक्षी कुठलाही असो, पान कुठलंही,
सूर्य डाव्या खांद्यामागे
आणि सावली उजव्या अंगाला, ठिपक्याठिपक्यांनी.

माझी खिडकी उजवीकडे आहे.
माझगाव, तिसरा मजला, टेबल फिरवायला जागा नाही:
अलीकडे फ्रीज, पलीकडे सासऱ्यांची खाट.
बावीस वर्षं मी दिसते त्याच्या उलट सावली काढते,
कुर्डूची, आघाड्याची, टाकळ्याची,
शिवडीच्या चिखलातून पिशवीत आणलेल्या तिवराच्या फांदीची.
पुस्तक उघडणाऱ्याला काय कळणार
की यातल्या एकाही पानावर
त्या बाजूने ऊन पडलेलं मी पाहिलं नाही.

समोर टॉवर झाला तेव्हा सकाळ गेली.
आता चार वाजता त्याच्या काचांवरून परतलेलं ऊन येतं,
उसनं, पण लख्ख.

गुरुवारी त्या टॉवरचा वॉचमन सुरवसे आला.
डब्याच्या झाकणात, टिश्यूवर, तांबट.
"काचेला धडकला, बाई. तुम्ही काढता ना असलं?"
अजून कोमट होता.
एका अंड्याहून हलका.

तांबटाला घाई लागते.
कपाळाचा लाल टिकतो, गळ्याचा पिवळाही,
पायांचं पोवळं मात्र संध्याकाळपर्यंत मातकट होतं.
म्हणून आधी पाय.
दोन बोटं पुढे, दोन मागे.
तीन पुढे काढली की डाबरेबाई काही न बोलता
कागद पालथा घालायच्या.
मग चोचीभोवतीचे केस, एकेक मोजून.
चोचीत वडाचं फळ होतं, अर्धं.
उरलेलं अर्धं घेऊन तो काचेतल्या आभाळात निघाला होता.

चहा करून आले
तर झाकणाच्या कडेला ओळ लागलेली.
घरातल्याच लाल मुंग्या,
ज्यांच्यासाठी आमच्याकडे खडूच्या रेघेपलीकडे शब्द नाही.
डोळ्याकडे निघाल्या होत्या.
मी फुंकर मारायला वाकले
आणि वाकलेलीच राहिले,
कारण एक मुंगी डोळ्याकडे वळलीच नाही.
तिने फळातली एक बी उचलली,
खोडरबराला वळसा घातला, पट्टीवर चढली.
(बी एक मिलिमीटर, मुंगी सव्वादोन.
एवढी सरळ मोजणी मला कधी मिळाली नव्हती.)
आणि खिडकीच्या चौकटीतल्या फटीत शिरली.

त्या फटीत दर वर्षी वड उगवतो.
दर वर्षी मी तो उपटते,
सासरे झोपले की. वड उपटू नये म्हणतात ते.
मला वाटायचं, पाखरांचं काम.
अर्धंच होतं त्यांचं.

देवस्थळींची मागणी स्पष्ट आहे:
तांबट, नर किंवा मादी, एक. मागे पांढरं. बाकी काही नको.
मी भिंग काढलं.
कमरेला गाठी दोन. मिशा कोपरातून दुमडल्यासारख्या.
सर्वांत बारीक पेनाने, श्वास धरून, एक ठिपका,
शेजारी दुसरा,
तिसरा हलतोय असं वाटून थांबले. तो हलतच होता.

तांबटाची सावली उजवीकडे दिली, रीतीप्रमाणे.
मुंगीची डावीकडे.
तशीच पडली होती ती,
चार वाजून दहा मिनिटांनी, बीसकट.

देवस्थळी म्हणतील, एक सावली चुकलीय.
कुठली, मी विचारीन.

तांबट गच्चीवरच्या कोरफडीच्या कुंडीत पुरला.
झाकण दोनदा घासून सुरवसेला परत दिलं.
तो उन्हाकडे पाठ करून उभा होता.
"काय असतं हो यांच्या पोटात?" त्यानं विचारलं.
म्हटलं, वड.