खटका

मिसेस प्रिडो म्हणाल्या, घरात भूत आहे.
रात्री अडीचला वीज जाते,
फक्त माझीच. समोर ट्रेगेन्झांचा दिवा ढिम्म हलत नाही.
मी बूट पुसले, आत गेले.
वॉलरूत तारा ओढण्याचं माझं हे अकरावं वर्ष.
इथे भुतं कमी, खारा वारा फार.

मीटरपेटी उघडली तर आधी एक पाल पडली.
मग दिसले चिनीमातीचे जुने फ्यूज, रांगेत,
आणि कडेला एकटाच पांढरा सेफ्टी स्विच,
मान खाली घालून.

‘हाच बिघडलाय,’ त्या म्हणाल्या. ‘काढून टाक, पोरी.’

काढू कशी?
फ्यूज तारांचा चाकर आहे, मिसेस प्रिडो.
तार तापली की तो जळतो.
तुम्ही तारेला चिकटून थरथरत असाल
तर एवढ्याशा विजेची तो दखलही घेत नाही.
हा मात्र दारात बसून मोजतो:
एका तारेने गेली किती, दुसरीने परत आली किती.
अँपिअरचे तीस हजारांश कमी भरले
की समजतो, वाट फुटली,
ओल्या भिंतीतून, किटलीच्या बुडातून,
किंवा तुमच्या हातातून पायात, पायातून जमिनीत.
कुठून, ते विचारत बसत नाही.
आधी खटका, मग चौकशी.
काळजाच्या एका ठोक्याहून लवकर.

(दोन्ही तारा दोन हातांनी धरल्या तर मात्र
हिशोब चोख जुळतो, आणि तो गप्प राहतो.
हेही सांगून ठेवलेलं बरं.)

मग घरभर प्लग उपसले.
किटली. रेडिओ. विजेची चादर.
माशांची टाकी; मासे जागच्या जागी थांबले.
खटका वर केला. टिकला.
एकेक परत लावत गेलो.
त्या प्रत्येकाची बाजू घेत होत्या:
रेडिओ नसेल, तो चर्चचा आहे.
टिकला. टिकला.
उरला मागच्या शेडमधला फ्रीज.

त्याच्या पाठीला बर्फ वितळवणारी कॉइल असते,
ठरल्या वेळी तापणारी.
टायमर स्क्रूड्रायव्हरने पुढे ढकलला,
आणि घराच्या त्या टोकाला, खट्.
हे तुमचं अडीचचं भूत.

त्यांनी फ्रीजचं दार उघडलं नाही, नुसता हात ठेवला.
मीच उघडलं. पिशव्या, गळाच्या आमिषाच्या,
प्रत्येकीवर निळ्या पेनाने: स्क्विड, मार्च. सार्डिन, ईस्टर.
क्लेमचं अक्षर. क्लेमला जाऊन तीन ईस्टर झाले.
‘ह्याला जुन्या फ्यूजवरून तार दे ना,’ त्या म्हणाल्या,
‘कुणाला कळणार आहे?’

मी उत्तर लगेच दिलं नाही.
मला टोबी कर्निच आठवला, एकोणीस वर्षांचा,
माझ्यासोबत शिकायला लागलेला,
एका छताच्या पोकळीत, भर जानेवारीत, घामाने निथळत.
त्या घरात हा पांढरा नव्हता.
त्यांना फक्त ‘नाही’ म्हटलं.
जरा जोरातच म्हटलं गेलं.

पिशव्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजरमध्ये गेल्या,
वाटाणे आणि आइस्क्रीमच्या मध्ये.
आइस्क्रीमला वास लागेल, मी म्हटलं.
‘लागू दे.’

निघताना त्यांना पेटीसमोर उभं केलं.
हे बारीक बटण, ‘टी’ लिहिलेलं. दाबा.
‘मला काही होणार नाही ना?’
आधी माशांना सांगून या, मी म्हटलं.
त्यांनी डोळे मिटून दाबलं.
खट्. घर गप्प.
दांडी वर केली, घर परत बोलू लागलं.
‘एवढंच?’
एवढंच. दर तीन महिन्यांनी.
आणि एखाद्या दिवशी दाबूनही नाही पडला,
तर कशालाच हात लावू नका, मला बोलवा.

एका तासाचे पैसे लावले. लागले होते अडीच.

ऑगस्टात जेटीवरच्या दिव्यांचं काम करत होते.
वारा इतका की फोन कानाला धरवेना.
ना हॅलो, ना नाव.
‘पडला,’ पलीकडून आवाज आला,
आणि फोन ठेवला.