जॉबर

दोन मेल आले एकाच दुपारी, अकरा मिनिटांच्या अंतराने.
पहिल्यात क्लाऊडची टीम. सात माणसं हाताखाली,
आणि पदाच्या नावात 'लीड'.
दुसऱ्यात डोलोरेसची खुर्ची.

त्या खुर्चीच्या तीन मजले खाली एक प्रोग्रॅम
१९७४ पासून विम्याच्या हप्त्यांची बेरीज करतोय.
त्याची भाषा आता आमच्या इमारतीत
दोघींनाच वाचता येते.
त्यातली एक मी, तीही अडखळत.

हार्टफर्ड. जानेवारी. उत्तर शुक्रवारपर्यंत.

नदी दोन्ही काठांकडून गोठत आलीय,
मधे एक काळी पट्टी अजून वाहते.
पार्किंगमध्ये मी गाडीच्या काचेवरचा बर्फ
ग्रंथालयाच्या जुन्या कार्डाने खरवडते
आणि दहा वर्षांनंतरची मी दिसते का बघते.
दिसतं ते स्टिअरिंग, आणि कालचा कॉफीचा कप.

मत मात्र सगळ्यांकडे आहे.
कौस्तुभने तक्ता केलाय, पगार, बोनस, 'वाढीला वाव',
चौकोनांना रंग दिलेत, हिरवा म्हणजे जा.
हिरवं बरंच आहे.
वकीलबाई म्हणतात, पद बदललं की कागद बदलतात,
आणि कागदांचं काही सांगता येत नाही.
सिएटलचा मित्र म्हणतो, जुनं शिकशील तर जुनी होशील.
त्याच्या पदाचं नाव दर वर्षी बदलतं.
काम काय करतोस विचारलं तर म्हणतो, तेच गं.

डोलोरेस सँडविचच्या कडा काढत होती.
मला वाटलं, आता ही निष्ठेबद्दल बोलेल,
कारागिरीबद्दल, किमान चिकाटीबद्दल तरी.
म्हणाली, मुलाला दमा होता, इथला विमा चांगला होता,
म्हणून एकतीस वर्षं.
उगाच तत्त्वज्ञान शोधू नकोस त्यात.
मग कडा कागदात गुंडाळत म्हणाली,
एकोणतीस फेब्रुवारीचा कोड बघून ठेव.
तिथे माझी एक चूक आहे, कुणाला सापडलेली नाही.
मलासुद्धा.
दर चार वर्षांनी त्या रात्री मी जागी असते.

बाबा इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर होते.
चाळीस माग एकदम धडधडत असताना
नेमका कुठला धोटा अडखळतोय
ते त्यांना दारातून कळायचं.
शेठने मुकादम हो म्हटलं, तेव्हा नको म्हणाले.
दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझी इंजिनिअरिंगची फी होती.
मुकादम झाल्यावर शर्ट स्वच्छ राहायला लागले
आणि घरात आवाज चढायला लागला.
तरी रात्री माग अडला
की मुकादमच पाना घेऊन खाली बसायचा,
नवा जॉबर बॅटरी धरायचा.

गुरुवारी रात्री फोन लावला, तिकडे सकाळ.
सगळं सांगितलं. क्लाऊड म्हणजे काय, तेही.
ते बराच वेळ फक्त चहा पीत होते.
मग म्हणाले,
'रात्रीचं बंद पडलं तर फोन कुणाला येतोय?'
क्लाऊडमध्ये? सातातल्या कुणालाही. पाळी असते.
'आणि त्या दुसऱ्याचा?'
डोलोरेसला.
'ती बाई कधी जाणार?'
एप्रिलात.
कप खाली ठेवल्याचा आवाज आला.
'मग पैसे जास्ती माग की.
मला त्यावेळी सुचलं नव्हतं.'

शुक्रवारी चार ओळींचं उत्तर पाठवलं.
खुर्ची घेते.
पगार मात्र पहिल्या पत्रातला, आणि पदाचं नावही.
आणि दोन मुलं द्या, ही भाषा शिकायला तयार असलेली,
म्हणजे एकतीस वर्षांनी कुणाला मी सापडणार नाही.

कौस्तुभच्या तक्त्यात याला रंग नाही.
त्याने चौकोन तसाच पांढरा ठेवलाय.

त्यांचं उत्तर अजून यायचंय.
बाहेर बर्फ फावड्याने ओढणारा माणूस
दर थोड्या वेळाने थांबतो, पाठ सरळ करतो.
मी एकोणतीस फेब्रुवारी उघडून बसलेय.
चूक दिसत नाही.
पण एका ओळीशी, तिसऱ्यांदा वाचताना,
काहीतरी अडखळल्यासारखं ऐकू आलं.