दोरीची भोकं

सदरच्या रस्त्यावरून दिसतो तो नुसता मनोरा.
बाकीचं देऊळ (थिओफिल काका देऊळच म्हणतात)
कडुनिंबांच्या मागे.
मे महिना. पोलादी टेप हातात धरवत नाही.
आत आले, आणि डोळ्यांआधी
तळव्यांना कळलं, की आत आले.

लांबी एकशे चार फूट. रुंदी अडतीस.
भिंत अडीच फुटांची, कामठीकडचा रेतीदगड,
बैलगाड्यांनी आणलेला, असं काका सांगतात;
कागदात कुठे सापडत नाही.
वर सागाच्या कैच्या.
साहेबानं म्हणे सुताराला जहाजाचं चित्र दाखवलं,
त्यानं मान डोलावली
आणि वैनगंगेतला डोंगा
उलटा करून छपराला घातला.

कमानी टोकदार, विलायती, अगदी नियमातल्या.
पण खांबाच्या माथ्यावर जिथे परक्या झाडाची पानं हवी होती
तिथे पाथरवटाने पळस कोरलाय.
मोजली मी. तीनच.
"त्यानं ते झाड पाह्यलंच नव्हतं न जी,"
काका त्याची बाजू घेतात,
जणू तो परवाच मजुरी घेऊन गेला.

पितळी पाट्या एकतीस.
लेफ्टनंट, वय बावीस, पटकी.
कुणाची पत्नी, आणि तिच्याच ओळीत
नाव ठेवायच्या आत गेलेलं मूल.
पाट्या दर शनिवारी चिंचेने घासतात,
म्हणून अक्षरं बुजत चालली आहेत
आणि चकाकी वाढते आहे.

मग उत्तरेच्या भिंतीत, दहा फुटांवर,
एका रांगेत सहा भोकं.
मुठीएवढी. मूळ नकाशात नाहीत.
मी लिहिलं: विजेच्या तारांसाठी?
काका हसले. "नाई जी. दोरीचे हायेत ते.
पंखा आत, मानूस बाहीर."

शिडी लावली. बोट घातलं.
आतून गार, बाहेरून तव्यासारखं,
आणि खालच्या काठाला एक खाच,
गुळगुळीत, विहिरीच्या दगडाला पडते तशी.
या भोकातून प्रवचन बाहेर येत असेल,
थोडं थोडं, न कळणाऱ्या भाषेत,
आणि दोरी आत जात असेल,
दर रविवारी, लू चालू असताना,
कडुनिंबाची सावली सरकेल तसं
कुणीतरी सरकून बसत असेल.
पहिल्या पाचांत आता चिमण्यांच्या काड्या,
सहाव्यातून कूलरची वायर.

"लिवलं का?"
लिहिलं.
"काय लिवलं?"
खाच, खोली अकरा मिलिमीटर. कारण: दोरी.
"अन् हात?"

तक्त्यात रकाने चार:
साहित्य, स्थिती, दुरुस्ती, शेरा.
मी पेन्सिल शेऱ्यावर टेकवून थांबले.
काका बादली घेऊन कूलर भरायला गेले,
संध्याकाळी उपासना आहे,
आणि वाळ्याचे पडदे
अजून कोरडेच होते.